आपला समुद्र कोणता?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला समुद्रावर बोलण्याची आज्ञा केली, हे कळल्यावर आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न खचितच आला असेल. रायपुरात समुद्र कोठला? मुंबई येथून लोहमार्गाने अकराशे किलोमीटरांवर. पुरीचा किनारा त्या मानाने जवळ. तरी तोही एका रात्रीच्या प्रवासाचा. तेलीबांधा तलावाच्या काठाला आपल्या गावात कौतुकाने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात, आणि आपल्या नातवंडांपैकी पुष्कळांनी पाहिलेला मरीन ड्राइव्ह तेवढाच आहे.

शंका रास्त आहे. तथापि रायपूर स्थानकाच्या पिवळ्या फलकाकडे एकदा लक्षपूर्वक पाहावे. गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती सुमारे तीनशे मीटर आहे. आपण ती रोज पाहतो आणि विसरतो. मी पेशाने पाटबंधाऱ्यांचा अभियंता. उंचीचा आकडा कोठून मोजला, हे विचारल्यावाचून आम्हा लोकांना चैन पडत नाही. या देशातील जमिनीच्या उंचीची पहिली पायाभूत मोजणी १९०९ साली पुरी झाली. तिच्यासाठी नऊ बंदरांवर भरती-ओहोटीची पातळी वर्षानुवर्षे नोंदली होती. त्या नऊंत मुंबई होती, कारवार होते, विशाखापट्टणम होते, आणि फॉल्स पॉइंट नावाचे एक फारसे कोणास ठाऊक नसलेले ठिकाणही होते. हे फॉल्स पॉइंट ओडिशात, महानदीच्या मुखाशी आहे. म्हणजे आपल्या गावाची उंची ज्या सपाटीपासून मोजली गेली, तिच्यात आपल्याच नदीच्या मुखावरील समुद्राचा वाटा होता.

‘आपल्याच नदीच्या’ असे मी म्हणालो, त्याचा थोडा खुलासा केला पाहिजे. रायपूरची नदी खारून. भाटागावजवळ आपण तिचे पाणी उपसून पितो, आणि गावाच्या खालच्या अंगाला तिलाच आपले सांडपाणी परत करतो. महादेव घाटावरून निघालेली खारून पुढे शिवनाथेला मिळते; शिवनाथ शिवरीनारायणाच्या बाजूस महानदीत विलीन होते; आणि महानदी सिहावापासून राजिमाचा संगम घेत आलेली असते. तेथून ती हिराकूडच्या जलाशयात शिरते, सातकोसियाच्या घळीतून बाहेर पडते, कटकापाशी तिला फाटे फुटतात आणि पारादीपजवळ ती बंगालच्या उपसागराला मिळते. तिची एकूण लांबी साडेआठशे किलोमीटरांहून किंचित अधिक. आपल्या स्वयंपाकघरातील मोरीचे पाणी, वाटेत अडले-मुरले नाही तर, शेवटी तेथे पोहोचते. राजिमाला ज्यांच्या अस्थी आपण विसर्जित केल्या, तीही आपली माणसे त्याच वाटेने गेली.

मराठी माणसाला समुद्र म्हटला की कोकण आठवते. ज्यांची मुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहेत त्यांना घरामागची खाडी आठवते. आणि आपल्या मंडळात ज्यांची संख्या मोठी आहे, त्या नागपूर-वऱ्हाडकडील मंडळींना समुद्र हा प्रवासातच भेटलेला असतो. पण इतिहास थोडा निराळा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली १७४१ साली छत्तीसगडात उतरल्या. बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून येथला कारभार पाहिला. १७५१ मध्ये ओडिशाही भोसल्यांकडे आले आणि १८०३ पर्यंत राहिले. महानदीचे वरचे खोरे आणि तिचे मुख अशी दोन्ही टोके पन्नासएक वर्षे एकाच मराठी सत्तेखाली होती. त्या सत्तेचे सारेच गोडवे गाण्याजोगे नव्हते. बंगालात आणि ओडिशात त्या स्वाऱ्यांच्या आठवणी काय आहेत, हे आपण जाणतोच. मला एवढेच म्हणायचे आहे की आपण येथे आलो, तेव्हाच आपला समुद्र बदलला होता. तो पश्चिमेचा राहिला नाही, पूर्वेचा झाला.

आमच्या खात्यात एक वाक्य मी नोकरीभर ऐकत आलो: ‘इतके पाणी समुद्रात वाया जाते.’ वर्तमानपत्रे ते छापतात, मंत्री सभेत सांगतात, आणि धरणांचे समर्थन तेथूनच सुरू होते. धरणांचा मी विरोधक नाही. गंगरेल नसते तर उन्हाळ्यात या गावाचे पिण्याच्या पाण्याचे काय झाले असते, हे सांगावयास नको. पण ‘वाया’ हा शब्द मला कधीच पटला नाही. नदी समुद्राला केवळ पाणी देत नाही, गाळ देते. आणि किनारा हा त्या गाळाचाच बनलेला असतो. १९५७ मध्ये हिराकूड बांधले गेले आणि वरून येणाऱ्या गाळाचा मोठा भाग त्या जलाशयात बसू लागला. इकडे समुद्राने लाटांचे काम थांबवले नाही. केंद्रापाडा जिल्ह्यात सातभाया नावाची वस्ती आहे. खरे म्हणजे होती. सात गावांचा तो समूह. समुद्र एकेक गाव गिळत आला, शेवटी लोकांना आत बागपाटिया येथे नेऊन वसवावे लागले आणि २०१८ साली त्यांच्या पंचुबाराही देवीलाही जागा सोडावी लागली. या धूपेला कारणे अनेक आहेत. नद्यांचा गाळ कमी होणे हे त्यांतील एक. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील किनाऱ्याची पाहणी केली, तेव्हा देशाच्या किनाऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग झिजत असल्याचे दिसले.

आता आपण समुद्राला देतो त्याच्या उलट बाजू पाहू, म्हणजे समुद्र आपल्याला काय देतो ते. छत्तीसगडाला ‘धान का कटोरा’ म्हणतात. हा कटोरा भरतो कोण? आपल्याकडे वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याचा मोठा वाटा बंगालच्या उपसागरात उठणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा असतो. आषाढ-श्रावणात आकाशवाणीवर ‘उत्तर-पश्चिम बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र’ असे शब्द आले की दोन दिवसांत येथे झड लागते, हा आपला नित्याचा अनुभव आहे. ही क्षेत्रे ओडिशाचा किनारा ओलांडून वायव्येकडे सरकतात, आणि आपण नेमके त्या वाटेवर बसलो आहोत.

ती तेथेच का उठतात, हे समजून घेण्याजोगे आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी या नद्या उपसागरात गोड्या पाण्याचा अफाट साठा ओततात. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके. ते दुधावरच्या सायीसारखे वर तरंगत राहते. खालचे थंड पाणी या सायीमुळे सहजी वर येऊ शकत नाही. परिणामी वरचा थर सूर्याच्या तापाने तापतो आणि तापलेलाच राहतो. पावसाळ्यातही त्याचे तापमान २८ अंशांच्या वर असते. त्या उबेतून बाष्प उठते, त्यातून ढग, त्यातून आपला पाऊस. खारूनचे जे पाणी समुद्रात ‘वाया’ गेले, त्याने त्या सायीत आपला थेंब घातला आणि ते ढगावर बसून परत आले.

परंतु हे यंत्र बिघडू लागले आहे. मानवाने हवेत सोडलेल्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता साठते, तिच्यातील नऊ दशांश समुद्र शोषून घेतो. आपण जाळलेल्या कोळशा-तेलाच्या कर्बवायूचाही सुमारे चौथा हिस्सा तोच पोटात घालतो. पुराणातील नीलकंठाने हलाहल कंठाशी थांबवले होते. समुद्राला ती सोय नाही. कर्बवायू विरघळून त्याचे पाणी हळूहळू आम्लधर्मी होत चालले आहे, आणि शंख-शिंपल्यांना व प्रवाळांना कवच घडवणे त्यामुळे जड जाते. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. याचा संबंध त्यांनी तापलेल्या अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाशी जोडला. एकूण पाऊस मात्र वाढला नाही. मध्य भारत म्हणजे आपणच. दोन महिन्यांचा पाऊस चार दिवसांत आणि मग कोरडे आकाश, याचा धानाच्या शेतकऱ्याला काय अर्थ होतो, हे येथे सांगण्याची गरज नाही.

कोकणात घर असलेल्यांना तर हे वेगळ्या रीतीने कळले आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ने रत्नागिरी-सिंधुदुर्गातील आंबा झडवला. पोफळीची बाग पुन्हा धरायला किती वर्षे लागतात, ते बागाईतदाराला विचारावे.

येथे एक अवघड गोष्ट मांडतो. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे रेल्वेच्या, भिलाई कारखान्याच्या किंवा विजेच्या नोकरीमुळे या प्रांतात आली आणि येथलीच झाली. भिलाईची भट्टी कोळशावर चालते, कोरब्याची वीज कोळशावर होते, आणि देशाच्या विजेचा सात दशांशाहून अधिक भाग आजही कोळशाचाच आहे. ज्या धुरावर आपली घरे उभी राहिली, मुले शिकली, तोच धूर समुद्र तापवतो. यावर ‘दिवे बंद करा’ असे सांगून मोकळे होणे मला लबाडीचे वाटते. घरातील दिवा जरूर मालवावा, छपरावर सौर पाट्या बसवाव्यात. पण खरा प्रश्न कारखान्यांचा आणि वीजकेंद्रांचा आहे, आणि त्यांत काम करणारी, उद्या त्यांचे निर्णय घेणारी मुले याच सभागृहात बसली आहेत. पोलाद कमी धुरात कसे घडवावे, यावर जगभर काम चालू आहे. आपल्या भागातील एखाद्या मराठी मुलाने वा मुलीने त्यात आयुष्य घातले, तर समुद्रासाठी त्याहून मोठे काम रायपुरातून होणार नाही.

नाल्यांची गोष्ट त्या मानाने आपल्या हातातली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली, तीत खारून होती. शिवनाथ होती आणि महानदीही होती. त्यानंतर शहरात शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली, ही समाधानाची बाब. ती पूर्ण क्षमतेने चालतात की नाही, हे नगरसेवकाला विचारण्याचा हक्क आपल्याला आहे आणि तो आपण क्वचितच बजावतो. प्लास्टिकविषयी सर्वत्र इतके बोलले जाते की मी थोडक्यातच सांगतो. समुद्रात जाणारे प्लास्टिक चार-दोन महानद्याच आणतात, असा समज होता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की नद्यांवाटे जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के हजाराहून अधिक नद्या मिळून आणतात, आणि त्यांत शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा दोष फार मोठा आहे. आपली पिशवी पारादीपपर्यंत सबंध पोहोचण्याचा संभव कमी. ती वाटेत कोठे तरी, कदाचित हिराकुडात, अडकेल. पण उन्हाने तिचा चुरा होतो आणि चुऱ्याला पूर अडवत नाही.

मला अधिक काळजी वाटते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींची: साबणाच्या भुकटीतील फॉस्फेट, शेतातून वाहून आलेला युरिया, मैला. यांवर पाण्यातील शेवाळ माजते, ते मरून कुजते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. बंगालच्या उपसागरात शंभर ते चारशे मीटर खोलीवर सुमारे ६०,००० चौरस किलोमीटरांचा एक पट्टा आहे, जेथे प्राणवायू जवळजवळ संपलेला आहे. डेन्मार्क आणि जर्मनीतील शास्त्रज्ञांनी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या साहाय्याने तो तपासला. २०१६ च्या अखेरीस त्यांनी लिहिले की तेथे प्राणवायूचा अगदी लेशमात्र अंश उरला आहे, आणि त्या लेशानेच पुढचा बिघाड थोपवून धरला आहे. तेवढ्या लेशावर बरेच काही अवलंबून आहे. कारण तो संपला तर समुद्राचे सगळे नत्रचक्र बदलते आणि त्याबरोबर मासळीचे अन्नही.

मासळीवरून एक विषयांतर करतो; आपल्यातील शाकाहारी मंडळींनी क्षमा करावी. पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. हा मान त्याला मिळाला तो त्याची संख्या घटली म्हणून. सातपाटीसारख्या बंदरांतील मच्छीमार बारीक जाळ्यांविरुद्ध तक्रार करीत होतेच. पिलेच पकडली तर पुढे अंडी कोण घालणार? त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटाचा १३५ मिलिमीटर. ही मर्यादासुद्धा मला कमीच वाटते. आपण मुंबईला पाहुणे म्हणून जातो तेव्हा यजमान बाजारातून तळहाताएवढी पापलेटे आणतो आणि आपण ‘कोवळी आहेत’ म्हणून कौतुक करतो. ते कौतुक थांबवावे. कोळी बांधव पूर्वापार नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करूनच होड्या पाण्यात लोटत आले. कायद्याची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी आहे आणि नारळी पौर्णिमा पुष्कळदा ऑगस्टात येते. म्हणजे आजोबांचा नियम सरकारच्या नियमाहून कडक होता.

लोकांनी मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावात आहे. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. तेथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. ती अंडी माणसे उकरून नेत, उरलेली कुत्री-कोल्ही खात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, गावकऱ्यांना हाताशी धरून अंडी कुंपणात सुरक्षित ठेवण्यास आरंभ केला. पन्नासएक दिवसांनी पिले निघतात, ती वाळूवर सोडली जातात आणि आपल्या पायांनी समुद्राकडे जातात. पुढे ती पाहायला दुरून लोक येऊ लागले. गावातील घरांनी त्यांना जेवू-राहू घातले. ज्या हातांनी अंडी नेली जात, त्याच हातांना राखणीचे काम मिळाले. सरकारी फलक लावून हे झाले नसते.

याच जातीची कासवे आपल्या महानदीच्या अंगाला, ओडिशाच्या गहिरमाथा आणि ऋषिकुल्या किनाऱ्यांवर लाखांनी येतात. २०२५ च्या हंगामात एकट्या ऋषिकुल्येला सहा लाखांहून अधिक माद्यांची नोंद झाली. दोन्हीकडची कासवे वेगळी, पूर्वेची पूर्वेला आणि पश्चिमेची पश्चिमेला, असेच अभ्यासक धरून चालत. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूवर एक मादी अंडी घालायला आली. तिच्या पायाला धातूची पट्टी होती, क्रमांक ०३२३३. ही पट्टी भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर तिला लावली होती. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांचा वळसा घालून ती कोकणात पोहोचली होती, आणि तिने तेथे शंभरावर अंडी घातली. आपला समुद्र पूर्वेचा की पश्चिमेचा, हा माझा मघाचा प्रश्न त्या मादीने निकालातच काढला.

आता मंडळाच्या घरातील विषय. यंदाचे सुवर्णमहोत्सवी वर्ष म्हणून गणपतीची मूर्ती नेहमीपेक्षा पुष्कळ मोठी असावी, अशी सूचना आल्याचे मी ऐकतो. सूचनेमागचा उत्साह मी समजू शकतो. पण मोठी मूर्ती मातीची सहसा करीत नाहीत, प्लास्टर ऑफ पॅरिसची करतात. त्या पदार्थाला केंद्रीय मंडळाच्या २०२० च्या नियमांनी मनाई केली होती, आणि तो पाण्यात महिनोन्‌महिने विरघळत नाही. शाडू गुजरातेतून मागवण्याचीही गरज नाही. दुर्गजवळ शिवनाथेच्या काठी थनौद हे मूर्तिकारांचे गाव आहे. तेथील कारागिरांच्या हाताला आपली माती चांगली ठाऊक आहे. त्यांच्याकडून हात-दीड हाताची मूर्ती, नैसर्गिक रंगांत, आणि विसर्जन खारूनच्या पात्रात न करता महादेव घाटालगतच्या कुंडात, असा ठराव कार्यकारिणीने करावा, अशी माझी विनंती आहे. निर्माल्य वेगळे गोळा करण्यास दहा स्वयंसेवक लागतील. माझे नाव त्यांत पहिले लिहावे. वाचलेल्या वर्गणीतून फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या मुलांची एक सहल ऋषिकुल्येला न्यावी. कासवे नेमकी कोणत्या रात्री येतील, हे तेथील मच्छीमारांनाही आधी सांगता येत नाही, तेव्हा मुक्काम चार-पाच दिवसांचा धरावा लागेल आणि शाळांना रजेचे अर्ज आधीच द्यावे लागतील.